लोण्याचा कर्नल

दार उघडलं आणि साजूक तुपाचा घमघमाट आला.

दिवसभराच्या धावपळीनंतर तो वास इतका बरा वाटला की पर्स खांद्यावरून काढायच्या आधी मी उंबऱ्यातच एक लांब श्वास घेतला. १९८१ सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेच्या मधोमध असलेल्या आयोवा राज्यातलं ड्रॅकेटव्हिल नावाचं गाव. वस्ती चार हजार माणसांची आणि त्याच्या दुप्पट डुकरांची. त्या अख्ख्या गावात तूप कढवणारं घर एकच होतं, ते आमचं.

स्वयंपाकघरात माझा नवरा अच्युत ऑफिसच्या टायसकट टेबलाशी बसून वाटीतली बेरी साखर घालून खात होता. त्याच्यासमोर काचेच्या नऊ बरण्या ओळीने मांडल्या होत्या आणि सगळ्या तुपाने गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. ओट्याशी माई उभ्या होत्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई. मार्च महिन्यात सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या बेसनाचे लाडू वळत होत्या आणि शंभराच्या वर वळून झाले होते.

"आलीस? हातपाय धू आणि बस," माई म्हणाल्या. "तुझ्या वाटणीची बेरी झाकून ठेवलीय, नाहीतर हा सगळी संपवेल."

"माई, एवढं तूप कशाचं काढलंत?"

"कशाचं म्हणजे? तुझ्या ऑफिसच्या लोण्याचं."

माझी पर्स खाली पडली.

"खालच्या फ्रिजमधलं?"

"हो. तूच नाही का काल म्हणालीस, परवाच्या कार्यक्रमाचं लोणी आहे म्हणून? म्हटलं, ही पोरगी नोकरी करून दमते, ही कधी कढवणार आणि कधी करणार! आणि सुनेच्या ऑफिसचा समारंभ, आपण काय हात हलवत जायचं? केले लाडू. लोणी मात्र फार छान हो. बेरी अगदी मूठभर निघाली."

"माई, त्या लोण्याला नाक होतं!"

"होतं ना," माई शांतपणे म्हणाल्या. "दाढीसुद्धा होती. दाढी आधी वितळली."

मी खुर्चीत बसले. अच्युतने चमचा तोंडाजवळ नेला होता, तो तसाच खाली ठेवला. मग थोडा विचार करून त्याने वाटी माझ्यापासून लांब सरकवली.

हे नाक कुणाचं, ते सांगायला हवं. कर्नल जोसाया ड्रॅकेट यांनी १८५६ साली हे गाव वसवलं. पहिल्याच हिवाळ्यात बर्फाने रस्ते बुजले, लोक उपाशी मरायला टेकले, तेव्हा कर्नलसाहेब पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या बर्फातून चाळीस मैल चालत आले आणि गाव वाचलं. ही गोष्ट गावाच्या वेशीवरच्या पाटीवर होती, शाळेच्या भिंतीवर होती, बियाण्यांच्या दुकानाच्या कॅलेंडरवर होती. ते दुकान कर्नलच्या पणतवाचं, मिस्टर एल्बर्ट ड्रॅकेट यांचं. सव्वासहा फूट उंच, सत्तरीचे, आणि गावाच्या संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष.

त्या संग्रहालयात मी फेब्रुवारीपासून सहा महिन्यांच्या बोलीवर कामाला होते. त्याआधी आठ वर्षं मी नुसती मिसेस आपटे होते. पुण्याची इतिहासातली एम.ए., मिरजेच्या शाळेत दोन वर्षं शिकवलेली, आणि इथे येऊन भोपळ्याचे गोड 'पाय' भाजायला शिकलेली. संग्रहालय म्हणजे जुन्या रेल्वे स्टेशनातल्या दोन खोल्या, पण त्यात एक टेबल माझं होतं आणि दाराची एक किल्ली माझी होती. ती किल्ली मी घरीसुद्धा कमरेला लावून हिंडायचे. ऑगस्टअखेर मला कायम करायचं की नाही ते ड्रॅकेटसाहेब ठरवणार होते. त्यांचा माझ्यावर राग नव्हता, शंका होती. आयोवाचा इतिहास सांगलीच्या बाईने सांगायचा, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

गावाला सव्वाशे वर्षं झाली म्हणून मी एक प्रदर्शन मांडलं होतं. 'आपल्या राज्याची थोर माणसं'. गव्हर्नर, नांगराचे कारखानदार, रेल्वेवाले, एक मोठा धर्मोपदेशक, असे बारा जण भिंतीवर ओळीने. जुलैमध्ये मी माईंना हौसेने ते दाखवायला नेलं होतं. त्यांनी बाराही दाढ्या नीट पाहिल्या आणि मला विचारलं, "इथे बायका नव्हत्या का गं? मग हे एवढे बाप्ये जन्मले कुठून?" मी हसून वेळ मारून नेली होती.

आणि आता ऑगस्टमध्ये, मधोमध, काचेच्या थंड कपाटात, तेरावे थोर पुरुष, स्वतः कर्नल ड्रॅकेट, लोण्याचे.

हे ऐकून कुणी हसेल, पण आयोवात एखाद्याला मान द्यायचा तर लोणीच वापरतात. राज्याच्या मोठ्या जत्रेत दरवर्षी लोण्याची अख्खी गाय करतात आणि लोक तिच्यासमोर टोप्या काढून उभे राहतात. आमच्या गावची लोण्याची कारागीर होती इंगा टोफ्टे. शहात्तर वर्षांची नॉर्वेजियन घराण्यातली म्हातारी, दोन गल्ल्या सोडून राहायची. बावीस दिवस गावच्या डेअरीच्या थंड खोलीत बसून तिने कर्नलचं डोकं कोरलं होतं. खांद्याखाली सगळं लाकूड, वर दांड्यावर बसवलेलं वीस पौंडांचं डोकं. दाढीचा एकेक केस वेगळा दिसत होता.

गुरुवारी ते काचेचं कपाट बिघडलं. शुक्रवारी रात्रीपर्यंत दुरुस्त होईल, असं दुरुस्तीवाला म्हणाला. डेअरीची थंड खोली जत्रेच्या मालाने भरलेली. तेव्हा मी कर्नलचं डोकं ओल्या फडक्यात गुंडाळलं, गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा बांधला आणि घरी आणून तळघरातल्या फ्रिजमध्ये ठेवलं. माईंनी विचारलं काय आहे, तर म्हटलं, "ऑफिसचं लोणी. परवाच्या कार्यक्रमाचं."

एवढंच सांगितलं, कारण खरं सांगायची लाज वाटली. चांगली शिकलेली माणसं लोण्याचा पुतळा करून त्याचं उद्घाटन करतात, हे माईंना सांगितलं असतं तर त्या सांगलीला गेल्यावर वर्षभर हळदीकुंकवात तोच विषय चालला असता. चूक माझीच होती. पण त्या क्षणी मी ती कबूल केली नाही.

"माई, अहो, डोकं होतं ते! माणसाचं! तुम्हाला जरासुद्धा शंका आली नाही?"

"का यावी?" माईंनी लाडू खाली ठेवला. आता त्यांनाही राग आला होता. "एप्रिलमध्ये तूच नेलंस ना मला त्या चर्चमधल्या जेवणाला? तिथे टेबलावर लोण्याचं कोकरू होतं. डोळे, कान, सगळं होतं. आणि त्या शेजारणीने त्याचा कान सुरीने कापला आणि पावाला लावून खाल्ला. मी तेव्हाच समजले, यांच्यात लोणी साच्यात घालून विकतात. कोकराचं चालतं आणि म्हाताऱ्याचं चालत नाही, हे मला कसं कळावं?"

"आणि आत लाकडी दांडा होता तो?"

"तो मला रवीचा वाटला. म्हटलं, काय आळशी बायका आहेत, लोणी काढलं आणि रवी तशीच आत ठेवली. धुऊन ठेवलाय तिकडे."

ओट्याच्या कडेला दांडा उभा होता, स्वच्छ.

मला रडू फुटलं. अगदी मोठ्याने. माई घाबरल्या. अच्युतने त्यांना मराठीत सगळं नीट समजावून सांगितलं. कर्नल कोण, पोतं कुठलं, उद्या अकरा वाजता उद्घाटन, आणि कुमुदची, म्हणजे माझी, नोकरी. माईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तुझी नोकरी मी कढवली गं," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. सहा वाजले होते. इंगा डोक्याची तब्येत बघायला आली होती.

मी काय सांगणार? तिला आत घेतलं, टेबलाशी बसवलं आणि बरण्यांकडे बोट दाखवलं. इंगाने एक बरणी उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. लाडवांकडे पाहिलं. मग माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"सगळाच?" तिने विचारलं.

"सगळाच."

"दाढी?"

"ती आधी वितळली."

इंगाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, ही आता पडणार. पण ती हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, टेबलाची कड धरून हसत होती. माई माझ्या कानाशी लागल्या, "रडतेय का हसतेय?" मी म्हटलं, "मलाही कळत नाहीये."

"बावीस दिवस," इंगा शेवटी म्हणाली. "बावीस दिवस त्या माणसाच्या दाढीत घालवले. आणि तुला माहीत आहे, कुमुद? तो इथे नव्हताच. त्या हिवाळ्यात तो इथे नव्हता. माझी आजी होती. मारित टोफ्टे. नवरा वाटेत गेलेला, दोन गायी आणि एक लाकडी घुसळण. पहिली गाय आटेपर्यंत आणि नंतर दुसरीवर, एकोणीस माणसं तिने जगवली. माझे वडील सांगायचे. पण घरातल्या गोष्टीला कोण विचारतं? पाटीवर कर्नल आहे."

माझे कान गरम झाले. कारण मला हे माहीत होतं.

मे महिन्यात संग्रहालयातलं चौदा नंबरचं खोकं लावताना मला एक पत्र सापडलं होतं. कर्नल ड्रॅकेट यांच्या स्वतःच्या हातचं, जानेवारी १८५७, मुक्काम डब्यूक शहरातलं एक हॉटेल. ते मी ड्रॅकेटसाहेबांना दाखवलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मिसेस आपटे, काही कागद खोक्यातच बरे असतात." आणि मी ते पुन्हा खोक्यात ठेवलं होतं. वर त्या पिठाच्या पोत्याची पाटी स्वतःच्या हाताने लिहिली होती, सुंदर अक्षरात.

इंगाला मी हे सगळं सांगितलं. तिच्याकडे बघून सांगवलं नाही, बरणीकडे बघून सांगितलं.

"काय लिहिलंय त्या पत्रात?" इंगाने विचारलं.

"मुख्यतः सूपाबद्दल आहे."

"सूपाबद्दल?"

"हॉटेलचं सूप पातळ असतं म्हणून तक्रार."

इंगाने समोरची बरणी बाजूला सारली आणि म्हणाली, "तू नोकरीसाठी ते परत ठेवलंस."

"हो."

"मग मीही काय केलं? कोरलीच ना दाढी!" ती उठली. "हे बघ. ती दाढी मला आता परत होणार नाही, हात आखडतात. पण डेअरी पहाटे पाचला उघडते आणि तिचा मॅनेजर माझा भाचा आहे. पाच तासांत कर्नल होत नाही. बाई होते. गुळगुळीत चेहरा आणि डोक्यावर फडकं. करू?"

माझा सगळा जीव त्या किल्लीत अडकला होता. 'करू' म्हटलं की ती गेली. 'नको' म्हटलं तर उद्या रिकामं कपाट दाखवून सगळ्यांची माफी मागायची, म्हणजे तरीही बहुधा गेलीच, पण थोडी कमी. मी हा हिशेब करत होते तेवढ्यात माईंनी विचारलं, "काय म्हणतेय ती?" मी सांगितलं. गायी, घुसळण, एकोणीस माणसं.

"आणि भिंतीवर तिचा फोटो नाही?"

"फोटो कुठेच नाही, माई. कुणी काढलाच नाही."

माईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अच्युतला म्हणाल्या, "चार वाजताचा गजर लाव. मी जाणार आहे हिच्याबरोबर. मी बिघडवलंय, मी हात लावते."

"माई, तिथे हाडं गोठतील तुमची," अच्युत म्हणाला.

"तू बेरी खा," माई म्हणाल्या.

पहाटे पाच वाजता मी दोघींना डेअरीत सोडलं. माईंनी नऊवारीवर अच्युतचा कोट घातला होता, पायांत त्याचेच लोकरी मोजे, आणि डोक्यावरून पदर, त्याच्यावरून शाल. इंगाला मराठी येत नव्हतं, माईंना इंग्रजी 'थँक्यू' आणि 'टू मच' एवढंच यायचं. इंगाने लोण्याचा पहिला गोळा ओट्यावर टाकला. माईंनी तो दाबून पाहिला, मान हलवली, 'टू मच' म्हणाल्या आणि तळव्याने मळून त्यातलं पाणी काढायला लागल्या. इंगा बघत राहिली. मग तिने दुधाचा एक क्रेट उलटा करून माईंना समोर बसायला दिला. मी निघाले तेव्हा दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या, आणि दोघींना उत्तरं मिळत असावीत.

मी संग्रहालयात जाऊन चौदा नंबरचं खोकं उघडलं. पत्र काढलं. पिठाच्या पोत्याची पाटी भिंतीवरून उतरवली आणि नवी लिहायला बसले. तीन वेळा लिहिली, तीन वेळा फाडली. शेवटी नुसतं नाव लिहिलं, 'मारित टोफ्टे', खाली दोन गायी आणि एकोणीस माणसं, आणि शेजारी काचेखाली पत्र. साडेदहाला इंगाचा भाचा डोकं घेऊन आला. चांगलं फडक्यात गुंडाळलेलं होतं. त्याने ते दांड्यावर बसवलं, फडकं सोडून वर कापड घातलं, तोवर मी दाराशी आलेल्या लोकांना आत घेत होते, त्यामुळे मला ते बघायला मिळालंच नाही.

अकरा वाजता दोन्ही खोल्या खचाखच भरल्या होत्या. ड्रॅकेटसाहेब पणजोबांचं खिशातलं घड्याळ लावून आले होते. त्यांनी चाळीस मैलांचं भाषण केलं. बर्फ कमरेवरून छातीपर्यंत चढला. मग त्यांनी दोरी ओढली.

कापड पडलं. दीडशे माणसं गप्प झाली. मी सगळ्यांत जास्त.

काचेच्या कपाटात माई होत्या.

त्यांचं ते सरळ, ठसठशीत नाक. वरच्या ओठाची ती अर्धवट मुरड, जी मी केलेल्या आमटीची पहिली चव घेताना पडायची. कपाळावरून घेतलेला पदर, त्याची कड कानामागे खोचलेली. आणि उघड्या पडलेल्या डाव्या कानाच्या पाळीला, चाळीस वर्षं कुड्या घालून ओघळलेलं भोक. इंगाने समोर दिसलं ते इमानाने कोरलं होतं.

"हा कर्नल नाही," ड्रॅकेटसाहेब म्हणाले.

"नाही सर," मी म्हटलं. आता मागे फिरायला जागाच नव्हती. "कर्नल त्या हिवाळ्यात इथे नव्हते. ते डब्यूकला होते. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय." आणि मी पत्र वाचायला लागले.

"'येथील सूप म्हणजे गरम पाण्याला गाजराची ओळख करून दिलेली आहे. मटण चावता चावता माझा एक दात हलला. गुडघा दुखतो, सबब मार्चअगोदर येथून हलण्याचा माझा विचार नाही. वसाहतीतील मंडळींची परमेश्वर काळजी घेईलच. परमेश्वर आणि ती नॉर्वेजियन विधवा. तिच्याजवळ दोन गायी आहेत असे ऐकतो.'"

गाजरापाशी मागून कुणीतरी फिसकन हसलं. दातापाशी चार जण हसले. 'ऐकतो' म्हटल्यावर मात्र कुणी हसलं नाही. सगळ्यांनी वळून इंगाकडे पाहिलं. ती भिंतीशी टेकून, हात कोटाच्या खिशात घालून, काचेकडे बघत होती.

ड्रॅकेटसाहेब लाल झाले, मग पांढरे. "मिसेस आपटे," ते म्हणाले, "तुम्ही सोमवारी सकाळी किल्ली घेऊन माझ्या दुकानात या."

मी कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. तिथेच काढून द्यावी की सोमवारपर्यंत ठेवावी, हे मला ठरवता येईना.

त्या शांततेत, गर्दीतून वाट काढत, हातात मोठं ताट घेऊन माई आल्या. काय चाललंय ते त्यांना फारसं कळलं नव्हतं. एवढंच दिसत होतं की घरच्या यजमानाचा चेहरा पडलाय आणि अजून कुणी काही खाल्लेलं नाही. त्या ड्रॅकेटसाहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या बरगडीपर्यंत येत होत्या. त्यांनी ताट वर धरलं.

बाईमाणसाने पुढे केलेलं ताट आयोवातला पुरुष नाकारत नाही. त्यांनी एक लाडू घेतला. खाल्ला. थांबले. दुसरा घेतला. मग तिसरा घेतला आणि अर्धा खाऊन माझ्याकडे वळले. "यात काय आहे?"

एखादं लहानसं खोटं बोलायला मला काही अडचण नव्हती. पण मघाचं सगळं वाचून झाल्यावर जीभ सरळ धावायला लागली होती. "डाळीचं पीठ," मी म्हटलं. "साखर. वेलदोडे." आणि मग, "तुमचे पणजोबा."

मग मी सगळं सांगितलं. फ्रिज, कोकरू, रवी, नऊ बरण्या.

ते हातातल्या अर्ध्या लाडवाकडे बघत राहिले. इतका वेळ की मला वाटलं, आता हा माणूस ताट उडवणार. त्यांनी काचेतल्या बाईकडे पाहिलं, ताट धरलेल्या माईंकडे पाहिलं, पुन्हा काचेकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मग त्यांनी उरलेला अर्धा लाडू तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला.

"म्हणजे," ड्रॅकेटसाहेब म्हणाले, "शेवटी त्याने गावाला जेवू घातलं म्हणायचं."

आधी इंगा हसली. मग सगळी खोली. ताट पाच मिनिटांत रिकामं झालं, माईंनी दुसरं आणलं, तेही गेलं. सव्वाशे वर्षं उशिरा का होईना, कर्नल गावाच्या पोटात गेले.

सोमवारी मी किल्ली घेऊन दुकानात गेले. ड्रॅकेटसाहेबांनी ती माझ्याकडून घेतली, एका जुन्या कड्यात अडकवली आणि परत माझ्या हातावर ठेवली. त्या कड्यात आणखी दोन किल्ल्या होत्या, तिजोरीची आणि माळ्याची. "चौदा नंबरच्या खोक्यासारखी माळ्यावर अजून अकरा आहेत," ते म्हणाले. "मी ती कधी उघडली नाहीत. तुम्ही उघडा. पण पुढच्या वेळी मला आधी सांगा, आणि सांगताना तो लाडू जवळ असू द्या." मी दुकानाबाहेर येऊन बियाण्यांच्या पोत्यावर बसून पोटभर रडले.

पाच वर्षांनी गावाने मारित टोफ्टेचा कायमचा पुतळा उभारला, ब्राँझचा, स्टेशनसमोरच्या चौकात. तिचा फोटो नव्हताच, म्हणून ओतकाम करणाऱ्यांनी लोण्याच्या डोक्याचे उद्घाटनाच्या वेळी काढलेले फोटो घेतले आणि हुबेहूब तसंच केलं. तो अजून तिथे आहे. शाळेच्या सहली येतात. कानाला एवढं मोठं भोक कसं, असं मुलं विचारतात. तीस वर्षं मी त्या संग्रहालयात खऱ्याखोट्याची निवड करत बसले, कर्नलसारख्या कर्नलला मी सोडलं नाही, पण त्या भोकाबद्दल मी नेहमी एकच सांगत आले, "जुन्या बायकांची पद्धत असेल काहीतरी." हे मी जाणूनबुजून केलं. मला ते नाक त्या चौकात हवं होतं. हिवाळ्यात त्या पदरावर बर्फ साचला की अच्युत गाडी थांबवून उतरतो, हातमोज्याने झटकतो आणि परत येऊन बसतो.

एकदा मी इंगाला विचारलं होतं, तुला खरंच माईंचा चेहरा करायचा होता का? ती म्हणाली, "आजीला मी पाहिलेलं नाही. पण जी बाई न विचारता माझं बावीस दिवसांचं काम चुलीवर ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला माझ्यासमोर लोणी मळत बसते, ती फार वेगळी नसणार."

माई तेव्हा सांगलीत होत्या. पुतळ्याचा मोठा रंगीत फोटो आम्ही त्यांना पाठवला, काहीच न सांगता. महिन्याभराने त्यांचं हवाई टपालाचं पत्र आलं. घरची खुशाली, आंब्याचं लोणचं, शेजारच्या मुलीचं लग्न, आणि शेवटी कडेला आडव्या ओळीत लिहिलेलं: "फोटो पोचला. बाई कष्टाळू दिसते. डोक्यावर पदर आहे हे पाहून बरे वाटले. नाक मात्र जरा जास्तच मोठे झाले आहे, इंगाबाईंना सांग."

मी ते इंगाला इंग्रजीत वाचून दाखवलं. एक्याऐंशी वर्षांची होती ती तेव्हा, कान जड झालेले. तिने ती ओळ दोनदा वाचायला लावली.

"तिला लिही," इंगा म्हणाली, "नाक मोजून केलंय."